परिचयपत्रक, सहावी आवृत्ती

चरईतल्या माझ्या छापखान्यात
हिराजी जोमा केणी पहिल्यांदा आला
तेव्हा त्याच्या नखांत मीठ होतं,
आणि पत्रकं हवी होती पाचशे, उधारीवर.
मिठागर कामगारांनो, उद्या संध्याकाळी बंदरावर जमा.
खिळे मीच जुळवले. 'जमा'तला 'ज' अर्धा झिजलेला,
'नमा' असं काहीसं उमटलं.
तरी माणसं आली.

तेव्हापासून त्याचा परिचय मीच लिहितो.
सरपंच झाला, तेव्हा सात ओळी.
नगरसेवक झाला, एक पान,
पाठीमागे मतदान केंद्रांची यादी.
स्थायी समितीनंतर कागद गुळगुळीत झाला.
आमदारकी हुकली त्या साली गठ्ठे पडून राहिले;
माझ्या पोराच्या वह्यांना तीच कव्हरं घातली,
वर्षभर हा गणिताच्या वहीवर हात जोडून उभा.

आवृत्तीगणिक काही आलं, काही गेलं.
'वडिलांसोबत मिठाच्या पाट्या वाहिल्या',
ही ओळ आधी गेली. कुणी सल्लागार म्हणाला,
पाट्या नकोत, 'श्रमाचे संस्कार' घ्या.
मग नववी नापासचं झालं
'शालेय शिक्षण तुर्भे येथे'.
ठाण्याच्या तुरुंगातले पाच महिने
एकदा काढले, एकदा परत घातले,
वारा कुठून वाहतोय ते बघून.
बहीण रखमी, जी मिठागरातच तापानं गेली,
ती कुठल्याच आवृत्तीत नव्हती.
तिच्या दहाव्याची चिठ्ठी मी फुकट छापली होती,
म्हणून मला ठाऊक.

जन्मतारीख तेवढी कायम: एक जून.
ती गुरुजींनी दिलेली, अख्ख्या वर्गाला एकच.
त्याची आई धाकूबाय सांगायची,
त्या रात्री उधाणानं बांध फुटला होता,
जोमा कमरेएवढ्या पाण्यात चिखल लोटत होता
आणि इकडे हा आला. म्हणजे श्रावण असेल, भादवा असेल.
तरी दर एक जूनला कोपरीपासून घणसोलीपर्यंत
प्रत्येक खांबावर त्याचा वाढदिवस लटकतो.

पाचवी आवृत्ती दिल्लीची.
तिकडून छापील तक्ता आला:
व्यवसाय, छंद, विदेश प्रवास.
रात्री साडेदहाला तो स्वतः जिना चढून आला,
गाडी लांब तलावपाळीला ठेवून.
'छंदात काय टाकू?'
बराच वेळ गप्प. मग म्हणाला,
'पान्याचा मीठ होताना बघाचा.'
मी टाकलं: वाचन, क्रीडा.
त्यानं वाचलं, मान डोलावली,
आणि टेबलावरचा माझा थंड चहा पिऊन गेला.

आता सहावी. दुसऱ्यांदा उभा आहे.
सभागृहात विचारलेले प्रश्न: दोनशे चौदा.
मी सगळे वाचले, छापायचे होते म्हणून.
पूल, पाणी, गावठाणातली घरं, साडेबारा टक्के.
एकशे सत्त्याण्णवावा मिठागरांचा:
किती कामगार होते, आता कुठे आहेत?
उत्तर: माहिती गोळा करण्यात येत आहे.
माहिती माझ्या माळ्यावर आहे, सुतळीनं बांधलेली,
'नमा' असं छापलेली.
मिठागरांच्या जागी आता बिल्डिंगा,
त्यातल्या तिघांच्या माहितीपुस्तिका
मीच छापल्या. खोटं कशाला सांगू.

एक फोटो मात्र सहाही आवृत्त्यांत आहे,
पान तीन, 'संघर्षाचे दिवस'.
त्या दिवशी अंगात नुसती बंडी घालून आला होता.
'तुजा शर्ट दे, फोटू काराचा हाय.'
निळ्या रेघांचा, कॉलरखाली शाईचा डाग.
शर्ट परत आला नाही. पाचशे पत्रकांचे पैसेही.

काल कॉम्प्युटरवरच्या पोरानं तो डाग पुसला,
म्हणाला, काका, साहेब आता कसे स्वच्छ दिसतात.
मी चष्मा लावला, लाल पेन घेतलं,
चोवीस पानांत एकच खूण केली,
पान तीनच्या समासात:
डाग होता तसा ठेवणे.